जुनी सायकल आणि कलती धावपट्टी
(इयत्ता ६ वी ते ८ वीस शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी : सामान्य विज्ञान, गणित व कार्यानुभव)

जिल्ह्यातील पुष्कळ खेड्यांत एखाद्या ओसरीवर किंवा गोठ्यालगत काळ्या रंगाची, आडव्या दांड्याची, जाड कॅरिअरची जुनी सायकल भिंतीस टेकलेली आढळते. घरात मोटारसायकल आल्यापासून तिला कोणी हात लावलेला नसतो. एके दिवशी भंगारवाला येतो, तिचे वजन करतो आणि घेऊन जातो. ती मोडीत निघण्यापूर्वी आठवडाभर शाळेत आणता आली, तर विज्ञानाचे व गणिताचे किती पाठ तीवर घेता येतील, याचा विचार या लेखात केला आहे.

जुन्या सायकलीकडे अडगळ म्हणून न पाहता ठेवा म्हणून पाहण्याची वृत्ती अन्यत्र चांगलीच रुजली आहे. लंडनमध्ये हर्न हिल येथे १८९१ मध्ये बांधलेली सायकल-शर्यतींची धावपट्टी आहे. १९४८ च्या ऑलिंपिकमधील धावपट्टीवरील सायकल-शर्यती तेथेच झाल्या व त्या ऑलिंपिकमध्ये भारताचे सायकलपटूही उतरले होते. याच धावपट्टीवर जून २०१८ मध्ये जुन्या सायकलींचा तीन दिवसांचा मेळावा भरला आणि त्यात जुन्या सायकलींच्या शर्यतीही झाल्या. इटलीतील गायोले या गावी १९९७ पासून जुन्या सायकलींची फेरी निघते. पहिल्या वर्षी तीत ९२ जण होते. पुढे ती हजारोंची झाली. फेरीचा मूळ हेतू त्या भागातील पांढऱ्या मुरमाच्या जुन्या वाटा डांबराखाली जाऊ नयेत हा होता, ही गोष्ट मुलांस अवश्य सांगावी. महाराष्ट्रात पुण्याच्या कर्वेनगर भागात विक्रम पेंडसे यांनी २०१७ मध्ये सायकलींचे संग्रहालय उघडले. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी तयार झालेली घडीची सायकलही तेथे आहे. पुण्यातच बालेवाडी येथे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी जे क्रीडासंकुल उभारले, त्यात सायकल-शर्यतीची धावपट्टी आहे. अशा धावपट्टीस व्हेलोड्रोम म्हणतात. ती लांबट गोल असून वळणावर तिचा बाहेरील काठ भिंतीसारखा उचललेला असतो. गोंदियाच्या मुलांस पुण्यास नेणे सहसा शक्य होत नाही. परंतु त्या धावपट्टीमागील तत्त्व शाळेच्या अंगणात दाखविता येते.

प्रथम सायकलीचा इतिहास थोडक्यात सांगावा. १८१७ मध्ये जर्मनीतील ड्राइस याने दोन चाकांचे लाकडी वाहन केले; त्यास पायडल नव्हते, बसणारा पायांनी जमीन मागे रेटीत असे. १८६० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये पुढील चाकास पायडल बसले. येथे थांबून मुलांस विचारावे : पायडल थेट चाकासच बसविलेले असेल, तर अधिक वेगाने जाण्यासाठी काय करावे? थोड्या विचारानंतर कोणी तरी म्हणेल, चाक मोठे करावे. तेव्हाच्या कारागिरांनी नेमके हेच केले. पुढचे चाक माणसाच्या छातीइतके उंच व मागचे अगदी लहान, अशी उंच सायकल त्यातून निघाली. ५४ इंच व्यासाच्या चाकाचा परीघ मुलांकडून काढवावा. ५४ ला २.५४ ने गुणून सेंटिमीटर करावेत व त्यास २२/७ ने गुणावे. उत्तर सुमारे ४३१ सेंटिमीटर येते. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात ४.३१ मीटर अंतर कापले जाई. याहून मोठे चाक घ्यावे, तर बसणाऱ्याचे पायच पुरत नसत. आणि चाकास दगड लागला, तर माणूस डोक्यावर आपटे.

ही अडचण साखळीने दूर केली. १८८५ मध्ये इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली याने सारख्या आकाराच्या दोन चाकांची, साखळीने मागील चाक फिरविणारी सायकल केली आणि १८८८ मध्ये डनलॉप याने हवेचा टायर आणला. ओसरीवरील काळी सायकल या सायकलीचीच वंशज होय.

आता प्रत्यक्ष गणित. सायकल सीट व हँडलवर उलटी उभी करावी. पुढील दातेरी चाकाचे व मागील लहान चक्राचे दात मुलांनी खडूने खूण करून मोजावेत. समजा, पुढे ४८ व मागे १८ दात भरले. ४८ भागिले १८ म्हणजे दोन पूर्णांक दोन तृतीयांश; पायडल एकदा फिरले की मागील चाक इतके वेळा फिरते. २८ इंची चाकाचा परीघ २२३.५ सेंटिमीटर, म्हणून एका फेऱ्यात सुमारे ५.९६ मीटर. त्या छातीएवढ्या चाकास जे साधले नाही, ते साध्या साखळीने साधले, हे मुलांनी स्वतः काढलेल्या आकड्यांवरून त्यांच्या ध्यानी येते. पुस्तकातील त्रैराशिकापेक्षा हे उदाहरण अधिक काळ लक्षात राहते, कारण त्याचे उत्तर तपासता येते. टायरवर खडूची खूण करून सायकल सरळ रेषेत ढकलावी व एका फेऱ्याचे अंतर टेपने मोजावे. कोणी सायकलीवर बसलेला असेल, तर हे अंतर गणितापेक्षा किंचित कमी भरेल. ते का, याचा शोध मुलांनीच घ्यावा. हवा कमी असलेल्या टायरवर हाच प्रयोग पुन्हा केला, की उत्तर सापडते.

सायकल उलटी असतानाच पायडल मागे फिरवून दाखवावे. टकटक असा आवाज होतो, पण चाक मागे फिरत नाही. हे फ्रीव्हील. धावपट्टीवरील शर्यतीच्या सायकलीस ते नसते. चाक फिरत आहे तोवर पायडल फिरतेच, पाय थांबविता येत नाहीत. आणि तिला ब्रेकही नसतो. हे ऐकून मुले चकित होतात. धावपट्टीवर सर्वजण एकाच दिशेने जातात व कोणालाही एकाएकी थांबता येत नाही, म्हणून तेथे ही रचना चालते. गावाच्या रस्त्यावर ब्रेकवाचून सायकल चालविणे हा मात्र निव्वळ अविचार होय, हे त्याच वेळी बजावावे. अर्धे ऐकून अर्धे करून पाहणारी मुले प्रत्येक वर्गात असतात.

पाठाचा गाभा वळणाचा आहे. वळण घेताना सायकलस्वार आतील बाजूस कलतो, हे प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. परंतु का कलतो, असे विचारल्यास वर्ग गप्प होतो. कललेल्या काठाची परात घ्यावी व तीत एक गोटी गोल फिरवावी. गोटी सावकाश फिरते तोवर तळाशी राहते. वेग वाढला की काठावर चढते. वेग ओसरला की पुन्हा खाली येते. सरळ जाऊ पाहणाऱ्या गोटीस परातीचा काठ आत ढकलीत असतो, म्हणून ती वळते. सपाट रस्त्यावर हे आत ढकलण्याचे काम टायर व जमीन यांच्या घर्षणावर पडते. रस्त्यावर वाळू किंवा धानाचा कोंडा पसरला असेल, तर घर्षण तोकडे पडते व सायकल घसरते. धावपट्टी कलती केली, की जमीनच स्वारास आत रेटते. मोठ्या जत्रेतील ‘मौत का कुआँ’ ज्यांनी पाहिला आहे, त्यांस हे चटकन उमगते.

वेग दुप्पट झाला, तर त्याच वळणावर आत लागणारा रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो. दहा मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारा मुलगा सुमारे १७ अंश कलतो. २२ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या शर्यतपटूस सुमारे ४२ अंश कलावे लागते, आणि २५० मीटरांच्या आधुनिक धावपट्टीची वळणे साधारण इतकीच उभी असतात. कोनमापकाने ४२ अंशांची रेघ फळ्यावर काढून दाखवावी. ती पाहून वर्गात जी कुजबुज होते, ती शांत करण्याची घाई करू नये. आपल्या जिल्ह्यात आणखी एक उदाहरण हाताशी आहे. रेल्वेच्या वळणावर बाहेरील रूळ आतील रुळापेक्षा थोडा उंच बसविलेला असतो. मुलांस रुळांजवळ मात्र नेऊ नये. वळणावरून जाणारी गाडी दुरून पाहिली तरी ती कललेली दिसते.

यंत्र किती व माणूस किती, हा प्रश्न वरच्या वर्गास घालण्याजोगा आहे. एका तासात धावपट्टीवर किती अंतर कापता येते, याचा विक्रम १८९३ पासून नोंदला जातो. त्या वर्षी फ्रान्सच्या आंरी देग्रांज याने ३५.३२५ किलोमीटर अंतर कापले. २०२२ मध्ये इटलीच्या फिलिप्पो गान्ना याने ५६.७९२ किलोमीटर कापले. वाढ सुमारे ६१ टक्के झाली. परंतु मधली एक गोष्ट फार बोलकी आहे. १९७२ मध्ये बेल्जियमच्या एडी मर्क्स याने साध्या सायकलीवर ४९.४३१ किलोमीटर केले होते. इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमन याने १९९६ मध्ये नव्या धर्तीच्या सायकलीवर व हात पुढे ताणलेल्या आसनात ५६.३७५ किलोमीटर केले. आणि तोच बोर्डमन २००० मध्ये मर्क्सच्या सायकलीसारख्या जुन्या पद्धतीच्या सायकलीवर बसला, तेव्हा ४९.४४१ किलोमीटर झाले. मर्क्सहून फक्त १० मीटर अधिक! मर्क्सचा विक्रम मेक्सिको शहराच्या उंचावरील विरळ हवेत झाला होता, हेही सांगितले पाहिजे. नाही तर तुलना न्याय्य होणार नाही. मुलांनी या आकड्यांवर वाद घालावा, शिक्षकाने निकाल देऊ नये.

हा पाठ केवळ कुतूहलासाठी नाही. सातवी-आठवीनंतर पुढील शाळा अनेक गावांपासून काही किलोमीटरांवर असते, आणि मानव विकास कार्यक्रमाखाली माध्यमिक शाळेत जाणाऱ्या ग्रामीण मुलींस सायकली देण्यात आल्या आहेत. सायकल मिळाली म्हणजे वाट सुटली असे नव्हे. चेन उतरली आणि ती बसविता आली नाही, तर मुलगी एक दिवस घरी राहते. पंक्चर काढणारा शेजारच्या गावी असेल, तर तीन दिवस. आणि रोवणीच्या दिवसांत घरी राहिलेली मुलगी शाळेत परत येईलच, याची शाश्वती कोणी द्यावी? यासाठी चेन बसविणे, ब्रेकचे रबर बदलणे व पंक्चर काढणे या तीन गोष्टी प्रत्येक मुलीने वर्गात स्वतःच्या हाताने केल्या पाहिजेत. मुलगे हात पुढे करून हत्यारे घेतात व मुली बाजूस उभ्या राहतात, असा अनुभव सर्वत्र येतो. तेव्हा पहिली पाळी मुलींची ठेवावी. गावात सायकल दुरुस्त करणारा जुना मिस्त्री असेल, तर त्यास एक दिवस सन्मानाने बोलवावे. आरे ताणून रिम सरळ करण्याची त्याची कला कोणत्याही पुस्तकातून शिकता येत नाही.

सायकल शाळेत आणताना मालकाची संमती घ्यावी व ती परत देण्याचा दिवस ठरवावा. दांडीवरील पुढचा बिल्ला मुलांनी कापडाने पुसून वाचावा व वहीत उतरवून घ्यावा. इंग्लंडची रॅले, आसनसोलची सेन-रॅले, मुंबईची हिंद, १९५१ मध्ये सोनीपत येथे सुरू झालेली अॅटलस, १९५६ मध्ये लुधियानात सुरू झालेली हीरो, यांपैकी एखादे नाव बहुधा निघेल. अॅटलसचा साहिबाबाद येथील कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला, म्हणून तो बिल्ला असलेली सायकल विशेष जपून हाताळावी. सायकल कोणी, कोणत्या साली, कोठून घेतली, तीवरून धानाची पोती, दुधाचे डबे की घरची माणसे जात, हे मुलांनी मालकास विचारून त्याच पानावर लिहावे. परत देण्यापूर्वी चेनला तेल व चाकांत हवा भरावी.