म्होरक्या

पावसाळ्यात, यंत्रमागांना सुटी असली, की आपण भिवंडीची मंडळी माहुलीच्या किल्ल्यावर जातो. किल्ला शेजारच्या शहापूर तालुक्यात आहे. चढ दमवणारा आहे. धुके आले की वाट दिसत नाही. मग दहा जण दहा वाटा सांगू लागतात. म्हणून निघण्याआधीच एक म्होरक्या ठरवावा.

मोठ्या डोंगरावरही हेच असते. पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेने २०१९ साली कांचनजुंगा शिखरावर मोहीम नेली. हे जगातले तिसरे उंच शिखर. उंची ८,५८६ मीटर. मोहिमेचे नेते होते उमेश झिरपे. १५ मे रोजी दहा जण शिखरावर पोचले. त्या दहांत झिरपे नव्हते! हवा कशी आहे, प्राणवायू किती उरला, कोण थकला, याचा हिशेब नेत्याला ठेवावा लागतो. त्याच दिवसांत त्या डोंगरावर बंगालचे दोन गिर्यारोहक दगावले. गिरिप्रेमीचे दहाही जण सुखरूप परतले.

आपल्या म्होरक्यानेही एवढे करावे. निघताना माणसे मोजावी. जो हळू चालतो, त्याच्या चालीने सर्वांना न्यावे. परतायची वेळ आधी ठरवावी. कुठे जातो ते घरी सांगावे. ओढ्याला पाणी चढले, तर "चला, मागे फिरू" असे म्हणावे. आपणही ते ऐकावे. त्यात कसला आलाय कमीपणा? किल्ला काही पळून जात नाही. घरी माणसं आपली वाट बघत असतात.

सांगा पाहू : तुमच्या टोळीचा म्होरक्या कोण? तुम्ही त्याचे ऐकता का?