सात नंबर सगळीकडे सारखा नसतो

नगरकरांना टू-स्ट्रोक इंजिन नवं नाही. 1972 साली कायनेटिकची लुना आली, इथल्या कारखान्यातून बाहेर पडून देशभर गेली, आणि त्या 50 सीसीच्या इंजिनावर आमच्याकडच्या कितीतरी मिस्त्र्यांचा हात बसला. गाडी अडली की प्लग काढायचा, काजळी खरवडायची, पॉलिश पेपर मारायचा, पुन्हा पेडल. म्हणूनच लहान इंजिन दिसलं की ‘यात काय एवढं’ असं आपण चटकन म्हणतो. लहान मुलांच्या चारचाकी रेसिंग गाडीला मात्र हा हिशेब चालत नाही. इंजिन लुनाएवढंच असतं, पण लुना बाजाराला जायची. ही गाडी मातीत, सतत पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर पळते. वेग कमी, त्यामुळे वारं कमी, आणि इंजिन मरणाचं तापतं.

माझ्या भाच्याकडे अशी एक जुनी गाडी आली. राहुरीजवळ शेताच्या कडेला मातीचा छोटा ट्रॅक केला होता, त्यावर तो सराव करायचा. प्लग काळा पडला म्हणून दाजींनी बाजारातून नवा आणला. जुन्यावर सात, नव्यावरही सात. दुकानदार म्हणाला, “सातच आहे साहेब, फक्त कंपनी वेगळी.” आटे बरोबर बसले, दोरी ओढताच गाडी सुरू झाली. “मामा, आधीपेक्षा भारी पळते,” असा भाच्याचा फोनही आला.

मे महिन्याचं ऊन होतं. काही फेऱ्यांनंतर इंजिनातून टणटण आवाज यायला लागला, ओढ गेली आणि गाडी थांबली. मी जाऊन प्लग काढला. टोकाचं पोर्सिलेन खडूसारखं पांढरं पडलेलं आणि त्यावर बारीक चकचकीत ठिपके. ते ठिपके पिस्टनच्या अ‍ॅल्युमिनियमचे. हेड उघडलं तर पिस्टनच्या माथ्यावर वितळून खड्डा पडलेला. सगळं खापर प्लगवर फोडणं बरोबर नाही. कार्बोरेटरच्या पुढच्या रबराला बारीक चीर होती, तिथून जादा हवा ओढली जात होती. त्यात आकडा सातच असूनही नवा प्लग जुन्यापेक्षा गरम निघाला आणि इंजिनाला सुटकाच उरली नाही.

मुळात त्या आकड्याचा अर्थ समजून घ्या. प्लगचं टोक साधारण 450 ते 500 अंशांच्या वर तापलं तर काजळी आपोआप जळते. 800 अंशांच्या पुढे गेलं की तेच टोक लाल होऊन ठिणगीच्या आधी पेट्रोल पेटवतं. टोकाची उष्णता हेडकडे किती लवकर जाते, त्यावर प्लग ‘थंड’ की ‘गरम’ ते ठरतं, आणि आकडा तेच सांगतो. पण एनजीके आणि डेन्सो यांच्यात आकडा वाढला की प्लग थंड होतो, तर बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की गरम. एनजीकेचा सात बॉशच्या पाचाच्या आसपास येतो. भरीला जुन्या मिकोचे 175, 225 असे तीन आकडी नंबर मिस्त्र्यांच्या तोंडी अजून आहेत, त्यात पुन्हा मोठा आकडा म्हणजे थंड. म्हणून कंपनी बदलायची असेल तर तक्त्यात जोडीचा नंबर बघूनच बदला.

आकड्याइतकीच अक्षरंही वाचा. बीपीआर7एचएस या एनजीकेच्या नंबरात बी म्हणजे 14 मिलिमीटरचे आटे आणि एच म्हणजे आट्यांची लांबी 12.7 मिलिमीटर. एचच्या जागी ई असेल तर लांबी 19 मिलिमीटर. असा लांब प्लग छोट्या हेडमध्ये पिस्टनवर आदळतो. आपल्याकडे डाळिंबाच्या बागेत पाठीवरचा पेट्रोल फवारणी पंप असतोच. अशा पंपांत बऱ्याचदा बीपीएमआर7ए जातीचा प्लग असतो. आटे तेच 14 चे, पण लांबी 9.5. एचच्या हेडमध्ये तो सहज फिरतो, पण टोक आत पोचत नाही आणि उघड्या आट्यांत कार्बन साठतो. शर्यतीच्या सकाळी पंपाचा प्लग काढून पोराच्या गाडीला लावू नका.

आर म्हणजे आत रेझिस्टर आहे. पालकांच्या हातातल्या रिमोटने बंद होणारी गाडी असेल तर आर नसलेला प्लग लावूच नये. ठिणगीच्या विद्युत गोंगाटाने तो रिमोट ऐनवेळी दगा देऊ शकतो, आणि वर बसलेलं आपलं लेकरू असतं.

‘रेसिंग आहे, थंड प्लग टाका’ हा सल्लाही तपासून घ्या. थंड प्लगने ताकद वाढत नाही. गरज नसताना टाकला तर तो ओला होतो, इंजिन फडफडतं आणि वळणावर बंद पडतं. मागून दुसरी पोरं येत असतात. आधी पेट्रोल-हवेचं मिश्रण नीट करा. मग पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर फेरी मारून तिथेच बटणाने इंजिन बंद करायला सांगा, गार झालं की प्लग काढून रंग बघा. फिकट तपकिरी म्हणजे उत्तम. कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त किंवा प्लग थंड. पांढरा दिसला तर गाडी तिथेच उभी करा आणि हवा कुठून शिरते ते आधी शोधा.

प्लग बसवताना इंजिन गार असू द्या. पाना नंतर, आधी हातानेच फिरवा. नव्या प्लगचा वॉशर टेकला की अर्धा फेरा पुरे. जोर लावलात तर अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात. गॅप पुस्तकात दिलाय तेवढाच, फीलर गेजने मोजून ठेवा. हातातून फरशीवर पडलेला प्लग वापरू नका, पोर्सिलेनची चीर डोळ्यांना दिसत नाही.

गाडीच्या पुस्तकातला पूर्ण नंबर, अक्षरांसकट, आजच मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि दुकानात तोच मागा. मिळाला नाही तर त्या रविवारी शर्यत सोडा, पण ‘चालून जाईल’ म्हणून हातात दिलेला प्लग मुलाच्या गाडीला लावू नका.