इतिहासाची साक्ष आणि अल्लाहचा निवाडा

इतिहास कोणालाही क्षमा करीत नाही, असे आपण नेहमी ऐकतो. परंतु जे अन्याय सोसून, दाद न मिळताच कबरीत गेले, त्यांना इतिहास खरोखर न्याय देऊ शकतो काय?

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. शेलूबाजारहून वाशिम ओलांडून दक्षिणेकडे गेले की पैनगंगा लागते. १९४८ साली तिच्या पलीकडे हैदराबाद संस्थान होते. तेथे रझाकारांनी निरपराध हिंदूंवर अत्याचार केले. त्यांच्याविरुद्ध लिहिणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्लाह खान यांची त्या ऑगस्टमध्ये हत्या झाली. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली आणि त्यानंतर मराठवाड्यात व लगतच्या जिल्ह्यांत असंख्य निरपराध मुसलमान मारले गेले. पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने मृतांची संख्या अंदाजे २७ ते ४० हजार सांगितली. जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचविणाऱ्या हिंदूंची नोंदही तिने केली. हा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला.

आज तो वाचता येतो. पण तोवर पीडितांची एक पिढी निघून गेली होती आणि अपराधीही. इतिहास फार तर साक्ष देतो. तीही माणसांनी लिहिलेली, उशिरा येणारी आणि कधी दडपली जाणारी. मृताला त्याचा हक्क परत देणे तिच्या आवाक्यात नाही.

म्हणूनच आखिरतवरील श्रद्धा ही केवळ दुःखितांची समजूत नव्हे. कणभर भलाई आणि कणभर बुराईही समोर आणली जाईल, असे सूरह ज़िलज़ाल सांगते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी खरा दिवाळखोर कोण, हे समजावले आहे. तो नमाज, रोजे व जकात घेऊन येईल. परंतु त्याने कोणाची निंदा केली असेल, कोणाचा माल गिळला असेल, कोणाचे रक्त सांडले असेल. त्याचे पुण्य पीडितांना वाटले जाईल आणि ते संपले की त्यांची पापे त्याच्यावर टाकली जातील.

मग निवाडा अल्लाहवर सोडून आपण गप्प बसावे काय? नाही. सूरह निसाची १३५ वी आयत ईमानधारकांना न्यायावर ठाम राहण्याची आज्ञा देते, मग साक्ष स्वतःच्या वा आईवडिलांच्या विरुद्ध का जाईना. आपल्या घरांत १९४८ ची अर्धीच कहाणी सांगितली जात असेल, तर ही आज्ञा आपल्यालाच उद्देशून आहे. आपल्या मृतांविषयी बोलताना रझाकारांचे अत्याचार झाकणे ही अपुरी साक्ष होय. आणि दुसऱ्यांनी आपले मृत विसरावेत, हीदेखील अपुरीच. शिवाय कोणीही दुसऱ्याच्या पापाचे ओझे वाहणार नाही, हे कुरआनने स्पष्ट केले आहे. तेव्हा आजोबांच्या अपराधाचा हिशेब नातवाकडून मागण्याचा अधिकार कोणालाही नाही.

घरातील वडीलधारी मंडळी हयात आहेत तोवर त्यांना विचारा, ऐकलेले लिहून ठेवा आणि ज्याने आपल्याला वाचविले त्याचे नाव मुलांना अवश्य सांगा. अल्लाह आपल्याला सत्य साक्ष देण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.