पोरींना खरं काम दे

अगं, मुलींना शाळेत घालायचं नाही असं तुम्ही ठरवलंत, तेव्हा मी काही बोलले नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म गेला माझा, तेव्हा मी शाळेची बाजू घेईन असं सगळ्यांना वाटलं होतं. आता विचारतेच आहेस तर सांगते. आधी हॉलमधला तो फळा काढ. घरात फळा आला की मागोमाग वेळापत्रक येतं, गृहपाठ येतो, आणि आईची बाई होते.

दुसरं, काम द्यायचं तर खरं दे. डाळीत तांदूळ मिसळून निवडायला लावायचे, हे उद्योग बालवाडीपुरते ठीक. नऊ वर्षांच्या मुलीला खोटं काम लगेच कळतं. तिने केलं नाही तर घराचं अडेल, असं काहीतरी हवं.

थोरलीकडे विरजण सोपव, कायमचं. दही लागलं नाही तर त्या दिवशी कढी नाही, दुकानातून पिशवी आणायची नाही. दूध फार गरम असलं की विरजणातले जिवाणूच मरतात, गार झालं असलं की दही लागत नाही, थंडीत विरजण थोडं जास्त घालून भांडं तांदळाच्या डब्यात ठेवावं लागतं. हे तुला माहीत आहे, पण तू सांगू नकोस. दुधाचे खाडे लिहितेस ना कालनिर्णयवर, त्याच चौकोनात तिला लिहू दे : दूध किती कोमट, विरजण किती, दही कसं. डिसेंबर उजाडला की ती आपणहून म्हणेल, आई, आता चमचा वाढवायला हवा. मध्ये कधी तार सुटलेलं बुळबुळीत दही निघेल. तेव्हा रागावू नकोस, आणि ‘तरी मी म्हणत होते’ हे तर मुळीच नको. अर्ध्या मुलांचं शिक्षण त्या वाक्यानेच थांबतं.

धाकटी अक्षरं ओळखायला लागली आहे, तर सिलिंडर आला की तिला दाराशी उभी कर. वरच्या कड्याला आधार देणाऱ्या पट्ट्या असतात, त्यांतल्या एकीवर आतल्या बाजूने अक्षर आणि आकडा रंगवलेला असतो, सी-28 असा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी शेवटचे तीन महिने. आकडा वर्षाचा. ही टाकीच्या तपासणीची मुदत. उलटून गेली असेल तर टाकी घ्यायची नाही, आणि हे धाकटीने सांगायचं. रिकाम्या टाकीचं वजनही तिथेच लिहिलेलं असतं. त्यात 14.2 किलो गॅस मिळवला की काट्यावर किती दिसायला हवं, ते थोरलीने सांगायचं. दशांश अपूर्णांक फळ्यावर शिकवताना माझा अर्धा वर्ग जांभया द्यायचा. इथे माणूस काटा धरून उभा असतो आणि त्याला पुढच्या घरी जायची घाई असते.

लाइटबिलाचंही तसंच. दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट, एवढंच एकदा सांग. मीटर त्या वाचतील. मंडईत भाजीवाली पावाचा भाव सांगते, तिथे पैसे थोरलीच्या हातात दे आणि तू दोन पावलं मागे राहा. हिशेब चुकला तर घरी येऊन बोला, चारचौघांत नाही.

तुला वाटेल, सासूबाई मनाचंच सांगतायत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला कुरणशाळा चालवली. आदिवासी मुलं गुरं सोडून शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळा कुरणात गेली. आम्ही मास्तरणींनी हे परीक्षेपुरतं पाठ केलं आणि चार भिंतींत जाऊन बसलो.

पण सगळं शिक्षण स्वयंपाकघरात सापडतं म्हणणाऱ्यांच्याही नादी लागू नकोस. बीजगणित कढईत नसतं. इतिहासाला पुस्तकं लागतात, इंग्रजीला रोजचं वाचन. सकाळची तासभर बैठक मोडायची नाही, पाहुणे आले तरी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी 14 वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते, मराठी माध्यमातूनही. थोरली बाराची झाली की तिकडचा अभ्यासक्रम आणून ठेव. आणि संध्याकाळी दोघींना खाली खेळायला सोडच. भांडणं घरात शिकता येतात, पण भांडून पुन्हा डाव मांडायला सोबतीची पोरं लागतात.

‘कितवीत आहेस?’ हे तर येणारा-जाणारा विचारणारच, आणि मागोमाग सतराचा पाढा. ‘घरीच शिकतो’ एवढं त्यांना न लाजता म्हणता आलं की पुरे. पाढ्याला मात्र सूट नाही. येत नसेल तर मे महिन्यात दोघींना इकडे पाठव. लोणच्याच्या कैऱ्या पुसायला मला माणसं हवीच आहेत.