मापाची विश्वासार्हता : सरावातून साध्य होणारे कौशल्य

शिरूर व दौंड तालुक्यांतून येणाऱ्या बालकांच्या तपासणीत वजनाबरोबर दंडाचा घेरही मोजला जातो. सहा महिने ते पाच वर्षे वयोगटात हा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास बालक तीव्र कुपोषित गणले जाते. फीत किंचित सैल धरली गेली, तर ११.३ चे ११.६ होतात आणि उपचारांची निकड असलेले बालक घरी परत जाते. मापातील अशी चूक कोणाच्या दृष्टीसही पडत नाही.

केवळ वजनावरून शरीराची घडण कळत नाही, याची साक्ष आपल्याच जिल्ह्यात मिळाली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये जिल्ह्यातील सहा गावांत गर्भवती मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे सुमारे ३.५ किलो होते. आपली बालके स्नायूंनी कृश होती. मात्र पाठीवरील त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष काही मिलिमीटरांच्या मापांवर उभा आहे. मोजणारे हात तयार नसते, तर तो हाती लागला नसता.

हे हात तयार होतात ते शिस्तबद्ध सरावाने. खांद्याच्या हाडाचे टोक व कोपराचे टोक यांचा मध्यबिंदू प्रथम आखून घ्यावा. हात सैल सोडलेला असावा. दंडाच्या मागील बाजूस अंगठा व तर्जनीने त्वचा आणि चरबी स्नायूपासून अलगद उचलून, चिमटीखाली एक सेंटिमीटरवर कॅलिपर लावावा; दोन सेकंदांनी आकडा वाचावा आणि तोवर चिमूट सोडू नये.

यानंतर त्याच बालकाचे माप दुसऱ्या व्यक्तीने, पहिला आकडा न पाहता, घ्यावयाचे असते. दोन स्वतंत्र नोंदी ताडून पाहण्याची ही रीत हिशेबनिसांच्या परिचयाचीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या बालवाढ अभ्यासात त्वचेच्या घडीच्या दोन मापांत २ मिलिमीटरहून अधिक फरक आढळल्यास दोघांनाही पुन्हा मोजावे लागे. फरकाचे स्वरूपही बोलके असते. एकाचे माप सातत्याने अधिक येत असेल, तर त्याची खूण वा पकड चुकत आहे. फरक कधी अधिक, कधी उणा पडत असेल, तर सराव अपुरा आहे. पहिल्यास दुरुस्ती हवी, दुसऱ्यास अधिक बालके मोजण्याची संधी.

उपकरणासाठी मिळालेली देणगी डोळ्यांना दिसते. प्रशिक्षणाचे तास दिसत नाहीत. तथापि अप्रशिक्षित हाती उत्तम कॅलिपरही चुकीचाच आकडा देतो. म्हणून देणगीदारांनी या तासांनाही उदार आश्रय द्यावा, ही विनंती. पालकांनाही नम्र सांगणे आहे, की आपल्या बालकास दुसऱ्यांदा मोजले गेल्यास तो वेळेचा अपव्यय मानू नये. निदान अचूक व्हावे, यासाठीच ती खबरदारी असते.