हातात कोणतं धनुष्य घ्यावं?

मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया या पट्ट्यात स्थिरावलेल्या मराठी घरांपैकी काहींना शरद ऋतूत धनुष्याने हरणाची शिकार करण्याची गोडी लागलेली असते. नव्याने आलेल्या कुटुंबाला ही घरं लायसन्स कुठे काढायचं, हंटर एज्युकेशनचा कोर्स कधी करायचा हे सांगतात, आणि त्याबरोबरच दुकानात जाण्याआधी एक गोष्ट बजावतात: रायझर (धनुष्याचा मधला, मुठीचा भाग) आणि लिम्ब (त्याला जोडायची वाकणारी पाती) वेगवेगळे विकत घेणार असाल, तर लिम्बवर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका.

हे सांगावं लागतं, कारण आपल्याकडून येणाऱ्याला शिकारीचं धनुष्य माहीत नसतं. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे भारतात शिकारीला बंदी आहे. ज्याने कॉलेजात किंवा क्लबात तिरंदाजी केली, त्याच्या हाताला सवय असते ती स्पर्धेच्या रिकर्व्हची, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या धनुष्याची. टोकियो ऑलिंपिकला गेलेल्या साताऱ्याच्या प्रवीण जाधवसारखे खेळाडू ज्या प्रकारात उतरतात, त्यात रायझर बहुधा २५ इंचांचा आणि जोडलेलं धनुष्य ६६ ते ७० इंचांचं असतं. मैदानावर ते उत्तम. पण झाडावरच्या मचाणात किंवा जमिनीवरच्या आडोशात बसून, अंग न हलवता बाण सोडायचा तर एवढं लांब धनुष्य फांदीला नाहीतर गुडघ्याला अडतं. म्हणून शिकारी लोक ५८ ते ६४ इंचांत राहतात.

टेकडाउन, म्हणजे सुट्या भागांच्या धनुष्याचे तीन तुकडे असतात: मधला रायझर आणि वर-खाली एकेक लिम्ब. आयएलएफ नावाच्या जोडणीत एका कंपनीचे लिम्ब दुसऱ्या कंपनीच्या रायझरला बसतात, आणि लिम्ब शॉर्ट, मीडियम, लाँग अशा तीन मापांत मिळतात. २५ इंची रायझरवर त्यांची धनुष्यं अनुक्रमे ६६, ६८ आणि ७० इंचांची होतात. रायझर जितके इंच आखूड, तितके इंच धनुष्यही आखूड. त्यामुळे ६२ इंचांचं धनुष्य तीन वाटांनी जुळतं: १७ इंची रायझर आणि लाँग लिम्ब, १९ इंची आणि मीडियम, किंवा २१ इंची आणि शॉर्ट.

तिन्हींची लांबी एकच, पण हाताला तिन्ही वेगळी लागतात. लांब लिम्ब पूर्ण ओढीपर्यंत एकसारखे वाकतात, शेवटच्या इंचाला अचानक जड होत नाहीत. आखूड लिम्ब चपळ असतात, मात्र ज्याचे हात लांब आहेत त्याला ते शेवटी अडल्यासारखे वाटतात आणि दोरी बोटांना चिमटते. लांब रायझर थोडा वजनदार असल्याने नेम धरताना हात स्थिर राहतो. जुन्या घरांचा कल १९ आणि मीडियमकडे दिसतो. मध्यम उंचीच्या माणसाला ही जोडी खरोखर सोयीची आहे.

आता छापलेल्या आकड्याकडे. खालच्या लिम्बच्या आतल्या बाजूला बहुधा ‘६८ – ४०’ असं काही लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ असा की २५ इंची रायझरवर, ६८ इंचांच्या धनुष्यात, २८ इंच ओढल्यावर हे लिम्ब ४० पौंड भरतात. तेच लिम्ब १९ इंची रायझरवर चढवले की ताण वाढतो. अंदाज असा की रायझर दोन इंचांनी कमी झाला की साधारण एक पौंड चढतो, आणि ज्या रायझरचा लिम्ब बसण्याचा कोन तीव्र असतो त्यावर त्याहून अधिक. म्हणजे ४० चे इथे ४३ झाले. काही कंपन्या शिकारीच्या लिम्बवर १७ किंवा १९ इंची रायझरचाच आकडा छापतात. तेव्हा कोणत्या रायझरवर मोजलंय, हे दुकानदाराला विचारूनच घ्यावं.

दुसरी बाजू आपल्या हाताची. दोन्ही हात आडवे पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत मोजायचं आणि अडीचने भागायचं. ६६ इंच भरले तर ओढ साडेसव्वीस इंचांच्या आसपास येते. २८ पेक्षा कमी पडलेल्या प्रत्येक इंचाला साधारण दोन पौंड वजा करायचे. म्हणजे ४३ तून तीन गेले, पुन्हा ४० वर आलो. ओहायोत हरणासाठी किमान ४० पौंड लागतात, पेनसिल्व्हेनियात ३५. ओहायोत या हिशेबाने आपण अगदी काठावर आहोत, म्हणून काट्याला लावून स्वतःच्या ओढीवर खरं वजन बघणं टाळता येत नाही. लिम्ब-बोल्ट फिरवून थोडाफार फरक करता येतो, त्याच्या भरवशावर मात्र खरेदी करू नये.

सगळीच टेकडाउन आयएलएफ नसतात. सॅमिक सेजसारख्या बोल्टच्या धनुष्याला त्याच्याच नमुन्याचे लिम्ब लागतात. होयट कंपनीची फॉर्म्युला जोडणी दिसायला आयएलएफच्या जवळची असली तरी ते लिम्ब आयएलएफ रायझरवर बसत नाहीत, आणि जुन्या सामानाच्या बाजारात इथेच पैसे बुडतात. मिशिगनमध्ये फ्रेड बेअर यांनी उभ्या केलेल्या कंपनीच्या टेकडाउनमध्ये तर हिशेबच निराळा. तिथे ए आणि बी असे रायझर, लिम्बला १ आणि ३ असे क्रमांक. ए वर १ क्रमांकाचे लिम्ब ५६ इंच देतात, ३ चे ६०. बी वर तेच ६० आणि ६४ होतात.

वापरलेले लिम्ब घेताना धनुष्य स्ट्रिंगर (दोरी चढवायचं साधन) लावून चढवावं आणि टोकाकडून दोरीच्या रेषेत बघावं. दोरी दोन्ही लिम्बच्या मधोमध खोबणीत बसली पाहिजे. एका कडेला सरकत असेल तर लिम्ब पिळलेला आहे, किंवा रायझरवर नीट बसलेला नाही. लिम्ब काढून पुन्हा बसवूनही तेच दिसलं तर सौदा सोडावा.

सुरुवात मात्र २५ ते ३० पौंडांच्या लिम्बवर करावी. घाईने ४५ चे घेतलेले अनेक जण खांदा दुखवून बसतात आणि पहिला हंगाम हुकतो. टेकडाउनचा खरा फायदा हाच की रायझर तोच ठेवून फक्त लिम्ब बदलता येतात. लिम्ब बदलताना माप बदललं, तर दोरीही बदलते. दोरी धनुष्याच्या लांबीवरून मागायची. ६२ इंचांच्या रिकर्व्हची दोरी प्रत्यक्षात सुमारे ५८ इंच भरते आणि ब्रेस हाइट (मुठीपासून दोरीचं अंतर) साडेसात ते सव्वाआठ इंचांत ठेवतात. ही सगळी मापं, म्हणजे रायझर, लिम्ब, दोरी आणि स्वतःच्या ओढीवरचं वजन, चिकटपट्टीवर लिहून रायझरच्या आतल्या बाजूला लावून ठेवली की पुढच्या खरेदीला दुकानात अडखळायला होत नाही.