लोणारची सहल

हिवाळा आला की हिमालयाच्या अंगाखांद्यावर बर्फ साचतो. काश्मीरमधील गुलमर्ग, उत्तराखंडातील औली अशा ठिकाणी दूरदूरची कुटुंबे आपल्या स्नेह्यांसह जातात, पायांना लांब फळ्या बांधतात आणि शुभ्र उतारांवरून घसरण्याचा आनंद लुटतात. या खेळास स्कीइंग म्हणतात. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात बर्फ पडत नाही. त्यामुळे तो खेळ आपल्या वाट्यास येत नाही. परंतु या जिल्ह्यात लोणार येथे असा एक उतार आहे की, त्याच्या तोडीचा उतार पृथ्वीवर फार थोड्या ठिकाणी आढळेल. तो उतरून पुन्हा चढून येण्यास एक दिवस पुरतो; मात्र तो कसा निर्माण झाला, हे निश्चित कळण्यास मनुष्याला दीडशे वर्षे लागली.

मार्गशीर्षातील एका रविवारी आमच्या व गुरुजींच्या अशा दोन कुटुंबांनी लोणारची सहल योजिली. गुरुजी हे बाबांचे जुने स्नेही. ते भूगोल शिकवितात. आई आणि काकू यांनी आदल्या रात्रीच दशम्या, झुणका आणि मिरचीचा ठेचा अशी शिदोरी बांधून ठेवली होती. आजीने तर सर्वांच्या आधी आपली काठी दाराशी आणून ठेवली.

पहाटेच आमची जीप बुलढाण्याहून निघाली. हवेत कडाक्याचा गारठा होता. चिखली मागे पडली तेव्हा पूर्वेकडे तांबडे फुटले होते. दोन्ही बाजूंस तुरीची शेते दवाने ओथंबली होती. मेहकर येथे पैनगंगेचे पात्र दृष्टीस पडले. "ही नदी आपल्याच बुलढाण्याजवळच्या डोंगरात उगम पावते," गुरुजी म्हणाले. पुढे सपाट माळ लागला. डोंगर नाही, दरी नाही. अशा प्रदेशात पाहण्यासारखे काय असणार, असे आम्हा मुलांना वाटू लागले.

तोच रस्ता किंचित चढला, जीप थांबली आणि पुढचे पाऊल टाकण्याआधीच आम्ही जागच्या जागी खिळून राहिलो. पायांखालची जमीन एकाएकी संपली होती. समोर एक प्रचंड वाटोळा खळगा पसरला होता. त्याची कड जणू कंपासाने आखल्यासारखी गोल होती. उतारावर दाट झाडी होती आणि तळाशी हिरवट पाण्याचे सरोवर उन्हात चमकत होते. या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून काठापासून पाण्यापर्यंतची खोली सुमारे १३७ मीटर आहे.

माझ्या धाकट्या बहिणीने बाबांचा हात ओढून विचारले, "बाबा, एवढा मोठा खड्डा कोणी हो खणला?"

या प्रश्नाचे पहिले उत्तर आजीने दिले. "अगं, इथे लवणासुर नावाचा दैत्य राहत असे. जमिनीखाली दडून बसायचा आणि लोकांना छळायचा. शेवटी विष्णूने रूप पालटून त्याचा पत्ता काढला, पायाच्या स्पर्शाने त्याच्या बिळावरचे झाकण दूर उडविले आणि त्याचा वध केला. हे पाणी त्याच दैत्याचे रक्त आणि यातला खार म्हणजे त्याचे मांस." लोणार गावातील दैत्यसूदनाचे कोरीव मंदिर याच कथेची आठवण देत उभे आहे.

दुसरे उत्तर बाबांनी दिले. "लहानपणी आम्ही मात्र ऐकले होते की हे ज्वालामुखीचे मुख आहे."

आता सर्वांचे डोळे गुरुजींकडे वळले. ते हसून म्हणाले, "उत्तर मी सांगणार नाही. ज्याने हा खड्डा केला, त्याच्या खुणा इथेच आहेत. आपण त्या पाहत पाहत खाली जाऊ."

शिदोरी जीपमध्येच राहू दिली. खाली खाद्यपदार्थ नेले तर वानरे पाठ सोडीत नाहीत आणि माणसांमागे कागद व पिशव्या उरतात, म्हणून गुरुजींनी केवळ पाण्याच्या बाटल्या बरोबर घेण्यास सांगितले. आजी व काकू धारेच्या मंदिराशी थांबल्या. तेथे गोमुखातून गोड्या पाण्याची धार अखंड पडत असते.

कडेवरच गुरुजींनी आम्हांला थांबविले. "मागे वळून पाहा. सभोवतालच्या माळापेक्षा ही कड उंच आहे की नाही?" खरोखरच ती सुमारे वीस मीटर उंच होती. "नुसती जमीन खचली असती तर कड उंच झाली नसती. आणि या खडकांचे थर पाहा. दख्खनचे थर एरवी आडवे असतात. येथे ते बाहेरच्या बाजूस कलले आहेत. कोणीतरी आतून बाहेर रेटावे तसे." आम्ही ही पहिली खूण मनात साठविली.

पायवाट नागमोडी वळणे घेत खाली चालली होती. सुटे खडे पायांखालून घरंगळत. मुले एकमेकांचे हात धरून कधी पळत, कधी बसून घसरत उतरू लागली. हास्याच्या लाटा दुमदुमल्या. झाडीत एक मोर केकारव करून गेला. जसजसे खाली उतरावे तसतशी हवा स्तब्ध आणि उबदार होत गेली. शेवटी झाडी संपून चिखलाचा उघडा पट्टा लागला. पाण्याच्या कडेने लांब तांबड्या पायांचे शेकाटे चोच बुचकळीत हिंडत होते.

गुरुजींच्या मुलाने शाळेतून तांबडा लिटमस कागद आणला होता. पाण्यात बुडविताच तो निळा झाला. पाणी बोटांना साबणासारखे बुळबुळीत लागले. "या सरोवरात चोहोंकडून पाणी येते, बाहेर जाण्यास मात्र वाट नाही," गुरुजी सांगू लागले. "उन्हाने पाणी उडून जाते आणि खडकांतून विरघळून आलेले क्षार मागे राहतात. म्हणून हे पाणी खारट आणि अल्कधर्मी झाले. यात मासे जगत नाहीत. पण डोळ्यांना न दिसणारे शेवाळ मात्र विपुल वाढते. हा हिरवा रंग त्याचाच. अकबराच्या काळी लिहिलेल्या 'ऐन-इ-अकबरी'तही लोणारचा उल्लेख असून येथे काच व साबण यांसाठी लागणारी द्रव्ये मिळतात, असे म्हटले आहे."

"पण २०२० साली हे पाणी गुलाबी झाले होते ना?" माझ्या ताईने विचारले.

"होय. त्या वर्षी जून महिन्यात पाणी आटून खारेपणा वाढला होता. लोक नाना तर्क करू लागले. तेव्हा पाण्याचे नमुने तपासण्यात आले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांना त्यात खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव आढळले. गुलाबी रंगद्रव्य त्यांचेच. तर्क अनेक असतात. तपासणी त्यांतला खरा कोणता ते ठरविते."

मग गुरुजींनी एक वाटोळा खडा उचलून माझ्या बहिणीच्या हाती दिला आणि ओल्या चिखलात जोराने टाकण्यास सांगितले. खडा रुतला; भोवती चिखलाची कड उचलली गेली आणि शिंतोडे दूरवर उडाले. ती आनंदाने ओरडली, "हे तर छोटे लोणार झाले!"

"बरोबर. परंतु तिरपा खडा टाकला तर खळगा लांबट होतो. लोणार तर गोल आहे. ते कसे?" आम्ही निरुत्तर झालो. गुरुजी म्हणाले, "आकाशातून येणारा मोठा पाषाण, म्हणजे अशनी, सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने आदळतो. तो नुसता रुतत नाही. त्या आघाताने प्रचंड स्फोट होतो. स्फोट सर्व दिशांना सारखा पसरतो, म्हणून अशनी तिरपा आला तरी विवर बहुधा गोलच होते."

"म्हणजे हे अशनीचेच काम!" बाबा म्हणाले.

"थांबा. गोल आकार ज्वालामुखीच्या मुखाचाही असतो. आकारावरून निवाडा होत नाही, म्हणूनच तर एवढा काळ लागला." आणि काठावरच्या एका दगडावर बसून गुरुजींनी तो सारा इतिहास सांगितला.

१८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या सरोवराची नोंद केली. त्यानंतर कित्येक अभ्यासक येथे येऊन गेले. सारा दख्खन लाव्ह्याच्या खडकाचा; तेव्हा हा खड्डाही ज्वालामुखीचाच, असे अनेकांना वाटले. परंतु दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि हे विवर त्यामानाने अगदी अलीकडचे. ही विसंगती होती. १८९६ साली गिल्बर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने अमेरिकेतील ॲरिझोना येथील विवराशी लोणारचे साम्य दाखविले. तरीही पुरावा नव्हता. पुढे सरोवराच्या तळाला छिद्रे पाडून नमुने काढण्यात आले. सुमारे शंभर मीटर गाळाखाली चुरा झालेला खडक लागला. त्यात मॅस्केलिनाइट नावाचे काचेसारखे द्रव्य मिळाले. खडकातील फेल्डस्पार या खनिजावर अतिप्रचंड दाब अकस्मात पडला, तरच ते तयार होते. ज्वालामुखीत तसा दाब नसतो. विशेष हे की, हे द्रव्य प्रथम ओळखले गेले ते १८६५ साली बिहारमधील शेरघाटी येथे आकाशातून पडलेल्या अशनीत. १९७३ साली फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम् या शास्त्रज्ञांनी हा पुरावा जगापुढे मांडला आणि वाद मिटला. चंद्रावरील काळ्या सपाट भागांचा खडकही असाच असल्याने तेथील विवरे समजून घेण्यास लोणार उपयोगी पडते.

"मग आजीची गोष्ट खोटी का?" बहिणीचा चेहरा हिरमुसला.

गुरुजी क्षणभर थांबले. "बाळ, आपल्या पूर्वजांनाही तुझ्यासारखाच प्रश्न पडला. खड्डा गोल का, पाणी खारे का, वरचे झाकण गेले कुठे? त्यांच्याजवळ छिद्रे पाडण्याची यंत्रे नव्हती, म्हणून त्यांनी कथेतून उत्तर दिले. कथा प्रश्न जपून ठेवते. शास्त्र त्याचे उत्तर तपासते. प्रश्नच पडला नसता तर दोन्ही नसती."

सूर्य माथ्यावर आला तशी आम्ही चढण धरली. उतरताना हसणारी मंडळी आता मुकाट्याने धापा टाकीत होती. वाटेत गुरुजींच्या मुलाला एक काळा, काचेसारखा चकाकणारा खडा सापडला. त्याने तो खिशात घालण्यासाठी उचलला. गुरुजी कठोर झाले नाहीत, त्यांनी एवढेच विचारले, "अडीच हजार वाटसरूंनी एकेक खडा नेला, तर पुढच्या शास्त्रज्ञासाठी काय उरेल? खडा कोठे पडला होता, हाही पुरावाच असतो. घरी नेलेला खडा मुका होतो." मुलाने काही वेळ तो तळहातावर फिरवून पाहिला. त्याचे मन मोडत होते, हे स्पष्ट दिसत होते. मग त्याने खाली वाकून खडा पूर्वीच्याच जागी, पूर्वीच्याच कुशीवर ठेवला.

लोणारला २००० साली अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२० साली जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत त्याचा समावेश झाला. परंतु कायद्याचे कुंपण प्रत्येक खड्यापाशी उभे राहू शकत नाही. तेथे पाहुण्याचा विवेकच राखणदार असतो.

वर पोहोचताच गोमुखाच्या थंडगार पाण्याने सर्वांनी तोंडे धुतली. बाहेर झाडाच्या सावलीत शिदोरी सुटली. भुकेच्या वेळी झुणका आणि दशमी यांच्यापुढे पक्वान्नेही फिकी पडतात! जेवता जेवता ताईने विचारले, "गुरुजी, आता तर सगळे कळले. लोणारविषयी शोधायचे काही उरले का?"

"पुष्कळ," गुरुजी म्हणाले. "या विवराचे वय आधी सुमारे बावन्न हजार वर्षे मोजले होते. पुढे निराळ्या रीतीने मोजले तेव्हा ते सुमारे पाच लक्ष सत्तर हजार वर्षे भरले. दोन उत्तरांत केवढे अंतर! त्यासाठी आणखी नमुने हवेत, आणखी डोळे हवेत. कोणी सांगावे, ते डोळे तुमच्यापैकीच कोणाचे असतील."

हे ऐकताच गुरुजींच्या मुलाने हातातला घास तसाच ठेवला आणि आपण खडा कोठे ठेवला, त्या वळणाची खूण तो वहीत टिपू लागला.

शब्दार्थ
विवर – खोल खळगा. अशनी – आकाशातून पृथ्वीवर पडलेला पाषाण. आघात – जोराचा तडाखा. अल्कधर्मी – तांबडा लिटमस निळा करणारे. विसंगती – मेळ नसणे. केकारव – मोराचा आवाज. विवेक – बरेवाईट जाणण्याची बुद्धी.

अभ्यास
१. लोणारच्या विवराविषयी आजीने व बाबांनी कोणती उत्तरे दिली?
२. कडेवर गुरुजींनी कोणत्या दोन खुणा दाखविल्या? त्यांवरून काय समजते?
३. सरोवराचे पाणी खारे का झाले?
४. मॅस्केलिनाइट सापडल्यामुळे वाद कसा मिटला?
५. 'घरी नेलेला खडा मुका होतो' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
६. वाक्यांत उपयोग करा : जागच्या जागी खिळणे, निरुत्तर होणे, मन मोडणे, चेहरा हिरमुसणे.
७. तुमच्या गावाजवळील एखाद्या टेकडीविषयी, तळ्याविषयी किंवा दगडाविषयी वडीलधाऱ्यांकडून कथा मिळवा. त्या कथेने कोणता प्रश्न जपून ठेवला आहे, ते दहा ओळींत लिहा.